कागदाची आयात: आपण आन् श्रीलंका

लातूरला आमचा छोटा छापखाना हाय, कागदाचा भाव चढला की आयातीचं बघावंच लागतं, आन् ते बघता बघता शेजारच्या श्रीलंकेचं लई वाईट वाटतं. त्यांचे वाळैच्चेनई, एम्बिलिपिटियाचे सरकारी कारखाने बंद पडत गेले, मग बहुतेक कागद बाहेरूनच घ्यायचा, आन् २०२२ ला डॉलरच संपले तर मार्चमधी पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढं ढकलल्या, कागद आन् शाई नाही म्हणून! लेकरांची परीक्षा कागदावाचून अडावी, ह्याच्यापेक्षा वाईट काय राव.

आपलं वेगळं. मिल हायत, रद्दीपासून, लाकडापासून, उसाच्या बगॅसपासून (रस काढल्यावर उरलेला चोथा) कागद बनतो, पण रद्दीसुद्धा बाहेरून लई येते. २०१४ पासून आसियान, म्हंजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटातल्या, बहुतेक कागदावर आयातीची ड्युटी शून्य झाली, मग तिकडचा तयार माल यायला लागला. न्यूजप्रिंटवर, म्हंजे वर्तमानपत्राच्या कागदावर, २०१९ ला १० टक्के ड्युटी लावली, २०२० ला ५ केली. ऑक्टोबर २०२२ पासून बऱ्याच कागदाच्या आयातीची आधी नोंदणी लागते, हे मला पटलं.

माझ्या मते आपण तरतो ते घरच्या कच्च्या मालामुळं. आमच्या भागात मात्र बरंचसं बगॅस साखर कारखान्याच्या बॉयलरमधीच जळतं, त्यातलं थोडं तरी कागदाला मिळावं.