एएमसी, तासाचे पैसे की पूर्ण हस्तांतर? साइट दिल्यानंतरच्या कामाचं गणित

एकट्याने वेबसाइटची कामं घेत असाल, तर साइट दिल्यानंतर तिच्याकडे कोण बघणार हे पहिल्या कोटेशनमध्येच लिहून टाका. नंतर विषय काढला की क्लायंटला ते वाढीव बिल वाटतं. रस्ते साधारण तीन आहेत: वर्षाची एएमसी (ठरलेल्या रकमेत वर्षभर देखभाल करायचा करार), काम निघेल तसे तासाचे पैसे, किंवा सगळं क्लायंटच्या हाती देऊन मोकळं होणं. यातला कोणता घ्यायचा ते, माझ्या मते, साइट दोन दिवस बंद पडली तर क्लायंटचं काय बुडतं यावर ठरवावं.

देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराची वूकॉमर्सवरची (म्हणजे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या ऑनलाइन दुकानाची) साइट घ्या. तिची कमाई मार्च ते मे. गुढीपाडव्याच्या आसपास पेट्यांची मागणी सुरू होते, अक्षय्य तृतीयेला जोर असतो. अशा साइटला तासाचा हिशेब अजिबात चालत नाही, कारण बिघाड होईपर्यंत तुमचं तिकडे लक्षच नसतं आणि तो कळतो गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून. क्लायंट म्हणतो, वर्डप्रेस स्वतःच अपडेट होतं ना? होतं. छोटे सुरक्षा अपडेट २०१३ पासून आपोआप होतात, २०२० पासून प्लगइनही (वर्डप्रेसला जोडायचे जादा सोयींचे भाग) तसे सोडता येतात. २०२४ मध्ये आलेल्या ६.६ आवृत्तीपासून तर आपोआप अपडेट झालेल्या प्लगइनमुळे साइट कोसळत असेल, तर तो मागच्या आवृत्तीवर परत जातो. पण पान नीट उघडतंय आणि पेमेंटचं बटण दाबल्यावर पुढे काहीच होत नाही, हे त्यातून पकडलं जात नाही. त्यासाठी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या वेगळ्या चाचणी प्रतीवर, अपडेट करून कुणीतरी चाचणीची ऑर्डर शेवटपर्यंत टाकून बघावी लागते. एएमसी असेल तर हे सगळं फेब्रुवारीतच उरकता येतं आणि हंगामात फक्त सुरक्षेच्या अपडेटना हात लावायचा.

एएमसीत भांडण होतं ते व्याप्तीवरून. अपडेट, बॅकअप आणि साइट चालू आहे की नाही यावर नजर, हे तिच्यात आलंच. नवा बॅनर, दहा उत्पादनांचे फोटो, "मुखपृष्ठ जरा वेगळं करू" हे आलं का? महिन्याला दोन तासांचे बदल धरा, न वापरलेले पुढे जाणार नाहीत असं लिहा, त्यावरच्या कामाचं बिल वेगळं. समजा तुमचा तासाचा दर ८०० रुपये आहे. दोन तास बदलांचे आणि एक तास देखभालीचा, म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. वर्षाचे २८,८०० आणि वर प्लगइनच्या परवान्यांचा खर्च. याच्याखाली गेलात तर तो फरक तुम्ही खिशातून भरताय. असे दहा क्लायंट झाले की महिन्याचे तीस तास गेले, तेव्हा किती एएमसी पेलतील तेही आधीच बघा. आणि तुम्ही आजारी पडलात तर साइट बघणारा एक सहकारी ठरवून ठेवाच. एकट्याच्या धंद्यात हीच खरी कच्ची बाजू आहे.

डॉक्टर किंवा सीए यांची साध्या एचटीएमएलची पाच पानं असतील, तर मात्र एएमसी विकू नका. तिथे डेटाबेस नाही, प्लगइन नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. तासाचे पैसे घ्या, कमीत कमी एका तासाचं बिल ठेवा. पण वर्डप्रेसची साइट असेल आणि क्लायंट "लागेल तेव्हा बघू" म्हणत असेल, तर त्याला पीएचपी ७.४ ची गोष्ट सांगा; पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती. त्या आवृत्तीचा सुरक्षा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. होस्टिंगवाल्याने आवृत्ती बदलली आणि जुनी थीम नव्या पीएचपीवर चालली नाही, तर कुणी हात न लावताही साइट पडते. मग एकदम मोठं बिल येतं.

हस्तांतर शाळा आणि छोट्या संस्थांना बरं पडतं, जिथे सूचना आणि फोटो टाकणारं कुणी हौशी असतं. त्यांना एडिटरचा प्रवेश द्या, ॲडमिनचा पासवर्ड संस्थेच्या जबाबदार माणसाकडे राहू द्या. शिकवताना स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा, कारण शिकलेल्या बाईंची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.

तिन्ही रस्त्यांवर डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर असू द्या. डॉट कॉम डोमेनची मुदत संपून ते रद्द झालं, तर सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात आणि त्याचा दंड नेहमीच्या रिन्युअलच्या कितीतरी पट असतो. तो वाद तुमच्या दारात नको.

जुने क्लायंट अजून फुकटातच फोन करत असतील, तर त्यांच्या रिन्युअलचा महिना गाठा. वर्षभरात काय काय केलं त्याची तारखांसह यादी पाठवा आणि त्याच मेलमध्ये पुढच्या वर्षाच्या एएमसीचा आकडा लिहा.