‘बड़ी गाड़ी है भिया, ऐसी ही चलती है’

गेल्या वर्षी मार्चमध्ये इंदूरमधल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडून मी रॉयल एन्फील्डची २०१९ची क्लासिक ३५० घेतली आणि १ लाख १८ हजारांना बुडालो. जे आजवर शंभर-सव्वाशे सीसीची गाडी चालवत आलेत आणि आता पहिल्यांदा मोठी घ्यायला निघालेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. खोटे कागद नंतर आले. मोठी गाडी कशी चालते हेच मला ठाऊक नव्हतं, आणि हे त्या माणसाने पाच मिनिटांत ओळखलं होतं.

माझी पहिली गाडी शंभर सीसीची, वजन ११० किलोच्या आसपास. राजेंद्र नगर ते पीथमपूर, सहा वर्षं रोज तिच्यावरच कामावर गेलो. तिने कधी दगा दिला नाही. पण राऊच्या पुढे शेजारून ट्रेलर गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी हातभर सरकायची. पावसात तर जीव मुठीत धरूनच जायचं. बायको म्हणाली, अहो, आता जरा वजनदार गाडी बघा. मावसभावाचं म्हणणं होतं की एवढ्या अंतराला एकशेसाठ सीसी भरपूर झाली. त्याचं बरोबर होतं. पण मला साडेतीनशेचीच ओढ होती, आणि नवी झेपणारी नव्हती.

दुकानात पोचलो तेव्हा गाडी बाहेर काढून ठेवलेली होती. चकचकीत काळी, मीटरवर ११,४०० किलोमीटर. इंजिन गरम होतं. मला वाटलं, नुकतीच कोणी फिरवून आणली असेल. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का आणि सुरू होताना काय आवाज करतं, हे झाकायला गाडी आधीच तापवून ठेवतात, हे मला फार उशिरा कळलं.

रिंग रोडवर चक्कर मारली. हँडल किंचित डावीकडे ओढत होतं. परत येऊन सांगितलं, तर म्हणाला, ‘बड़ी गाड़ी है भिया, ऐसी ही चलती है.’ पासष्टच्या पुढे हाताला थरथर जाणवत होती. पुन्हा तेच उत्तर. पुढचा ब्रेक दाबला की पुढून ‘टक्’ असा आवाज यायचा. तेच उत्तर. आणि मला ते पटत गेलं! ११० किलोवरून १९५ किलोच्या गाडीवर बसलेल्या माणसाला सगळंच वेगळं लागतं. त्यातलं मोठेपणामुळे काय आणि बिघाडामुळे काय, हे त्याला कशावरून कळणार? एक गोष्ट तर विचारायचंही सुचलं नाही. किल्ली फिरवली की एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटतो आणि गाडी चालायला लागली की विझतो. या गाडीत तो पेटलाच नाही. माझ्या जुन्या गाडीला एबीएस नव्हतं, त्यामुळे नसलेला दिवा माझ्या डोळ्यांना दिसलाच नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे, आणि ही गाडी त्यानंतरची.

संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे असं सांगून त्याने घाई केली. १० हजार बयाणा मोबाइलवरून दिला, ६० हजार त्याच्या सांगण्यावरून रोख, बाकीचे खात्यावर. रोख रकमेची पावती आजही माझ्याकडे नाही.

आठव्या दिवशी आमच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे ऑइल बदलायला गेलो. त्यांनी काही न बोलता हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं, मोबाइलचा टॉर्च हँडलच्या मानेखाली धरला आणि माझं बोट तिथे टेकवलं. वरून गुळगुळीत काळा रंग, पण बोटाखाली खडबडीत वेल्डिंगची आडवी रेघ. हँडल जिथे अडतं तो लोखंडी ठोकळा एका बाजूला चेपलेला. ‘समोरून जोरात धडकलीय,’ काका म्हणाले. ‘चासी ओढून सरळ केलीय.’ मग त्यांनी टायर दाखवला. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दोन्ही टायरांवर २३२२, म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा. ११ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे दोन्ही टायर बदलायची वेळ येईलच कशी? पाय ठेवायचं रबर पार झिजलेलं होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नंबर सांगितला, तर शेवटच्या नोंदीत ३८ हजारांहून जास्त किलोमीटर निघाले.

विम्याची प्रत तर पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात होती. मालक पहिलाच, गाडी पाच वर्षांची, विमा फक्त थर्ड पार्टीचा नसून गाडीच्या नुकसानीचाही, तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य. म्हणजे बहुधा आदल्या वर्षी क्लेम घेतलेला. तो आकडा मी वाचला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

नाव बदलायला नायता मुंडल्याच्या आरटीओत गेलो, तिथे दुसरा धक्का बसला. आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे न फिटलेल्या कर्जाची नोंद होती. दलालाने बँकेचं ना-हरकत पत्र दिलं होतं, पण ते झेरॉक्स होतं आणि त्यावरचा कर्ज खाते क्रमांक दुसऱ्याच गाडीचा निघाला. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होत्या, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मात्र नव्हताच. कर्ज ४१ हजार बाकी.

आरसीवरच्या पत्त्यावर मूळ मालकाला शोधत देवासला गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. दार उघडणारा माणूस माझ्याच वयाचा, हाताला रॉड घातल्याचा जुना व्रण. तो म्हणाला, ‘अपघात झाला हे मी दलालाला सांगूनच गाडी दिली. कर्ज मी भरतो म्हणाला होता, उरलेले पैसे मला देणार होता. हप्ते अजून माझ्याच खात्यातून जातात.’ गाडीची चलनंही त्याच्याच मोबाइलवर येत होती. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे अधिकृत विक्रेत्याने गाडी ताब्यात घेताच फॉर्म २९ सी ने आरटीओत तशी नोंद व्हायला हवी. ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. दलालाकडे आरटीओचं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र आहे का, हे आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. मूळ मालकाच्या आईने आम्हाला पोहे दिले. ज्याच्यावर ओरडायला गेलो होतो, त्याच्याच शेजारी बसून मी खाल्ले.

आता आम्ही दोघे मिळून लढतोय. पोलिसांत अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केलीय, पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही. दलाल विक्रीच्या पावतीवरची एक ओळ दाखवतो: ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली.’ अशी ओळ दिसली तर सही करू नका, गाडी हातची जात असेल तर जाऊ द्या. आणि जी गाडी घ्यायची आहे त्याच मॉडेलची एखादी धडधाकट गाडी आधी कोणाकडून तरी मागून किंवा भाड्याने घेऊन दिवसभर चालवा. इतकं केलं असतं, तर रिंग रोडवर त्याचं ते वाक्य मी ऐकून घेतलं नसतं.

माझी क्लासिक अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. वकील म्हणाले, पुरावा आहे, हात लावू नका. पीथमपूरला पुन्हा शंभर सीसीवरच जातोय.

परवा मावसभावाच्या मित्राने त्याची त्याच सालची क्लासिक मला दिवसभरासाठी दिली. किल्ली फिरवली तसा पिवळा दिवा पेटला आणि गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधीच विझला. खंडवा रोडला मोकळा पट्टा लागला तेव्हा सत्तरवर हँडलवरची पकड सैल केली. गाडी नाकासमोर सरळ जात राहिली. सिमरोलला चहासाठी थांबलो, हेल्मेट काढलं आणि तिच्याकडे बघत बराच वेळ नुसता बसून राहिलो.