गुण झाकणारे, गुणांक दाखवणारे: मुलाखतीच्या एका सॉफ्टवेअरचा वर्षभराचा अनुभव

गेले वर्षभर आमच्या विभागातील नेमणुकांसाठी मी मुलाखती नोंदवण्याचे एक सॉफ्टवेअर वापरत आहे. उमेदवाराविषयी पहिल्या काही मिनिटांत जे मत बनते, तेच खरे ठरवण्यात उरलेली मुलाखत खर्ची पडते. मानसशास्त्रात ज्याला पुष्टीकरण पूर्वग्रह म्हणतात तो हा दोष आपल्या सॉफ्टवेअरमुळे कमी होतो, असा विक्रेत्याचा दावा आहे. हा दावा मला अर्धाच खरा वाटतो.

या दोषाचा मला स्वतःला चांगलाच फटका बसला आहे. मागे एका उमेदवाराचा बायोडेटा वाचतानाच मी त्याला मनोमन होकार देऊन बसलो होतो. मग त्याला मी यशाबद्दलच प्रश्न विचारले. त्याच्यामुळे एखादे काम कुठे अडले होते का, हे विचारलेच नाही. उत्तरापूर्वी तो बराच वेळ थांबला तेव्हा तो मला विचारी वाटला, आणि त्याच दिवशी दुसरी उमेदवार तेवढीच थांबली तेव्हा तिची तयारी नाही असे मी लिहिले. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात ते हेच. नेमणूक फसली, आणि ती का फसली हे मला जुनी टिपणे वाचल्यावर कळले.

स्नायडर आणि स्वान या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते. समोरची व्यक्ती बहिर्मुख आहे का, हे तपासायला सांगितलेल्यांनी बहुतकरून असेच प्रश्न निवडले, की ज्यांची उत्तरे देताना कोणीही बहिर्मुखच वाटावे.

सॉफ्टवेअर या ठिकाणी खरोखर उपयोगी पडते. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावे लागतात, प्रत्येक उत्तराला लगेच गुण द्यावे लागतात, आणि उमेदवार नेमके काय बोलला हे लिहिल्याशिवाय गुणांचा रकाना उघडतच नाही. शिवाय सर्व मुलाखतकारांचे गुण नोंदवून होईपर्यंत इतर मुलाखतकारांचे गुण झाकलेले राहतात, त्यामुळे वरिष्ठांचा कल पाहून मान डोलावणे बंद झाले. आखीव मुलाखतीची ही पद्धत नवी नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या संशोधनाचा फेरआढावा घेतला, तेव्हा अशा मुलाखतीचा पुढील कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सुमारे ०.४२, तर मोकळ्या मुलाखतीचा सुमारे ०.१९ निघाला. (०.४२ म्हणजेही खात्री नव्हे, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही.)

अहवाल छापण्याची सोय बेताची आहे, पण त्याने फारसे अडत नाही. अडते ते पहिल्याच पडद्यावर. तिथे उमेदवाराच्या नावाशेजारी बायोडेटावरून काढलेला 'अनुरूपता गुणांक' ठळक अक्षरांत झळकतो. एकही प्रश्न विचारण्यापूर्वी हा ऐंशीचा आणि तो पंचेचाळीसचा हे डोक्यात बसले, की तेच आखीव प्रश्न विचारताना ऐंशीच्या अडखळण्याला आपण सवलत देतो आणि पंचेचाळीसच्या चांगल्या उत्तरात पाठांतर शोधतो. म्हणजे जो दोष घालवायला हे साधन घेतले, तो मुलाखतीच्या दारातच आपल्या हाती दिला जातो.

हा गुणांक झाकता येतो, परंतु ती सोय मूळ व्यवस्थेत बंद असते आणि प्रशासकालाच बदलता येते. आम्ही तो झाकून घेतला. नंतर लक्षात आले, की आकडा दिसला नाही तरी उमेदवारांची यादी अजून त्याच आकड्याच्या उतरत्या क्रमाने लागते.