कुंडलिनी योग लावू की नेहमीची योगासनं? नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

ऑफिसमधल्या दोघीतिघी हेच विचारून राहिल्या म्हणून इथेच लिहिते. मी दोन्ही केलंय, आधी आसनं, मग कुंडलिनी.

आसनांच्या वर्गात आसन लावायचं, थांबायचं, हळूच सोडायचं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून पुढे वाकण्यात, महिनाभर माझे हात पोटरीच्या पुढे जात नव्हते तरी कोणी घाई केली नाही. आपल्याकडे नागपुरात सोयही चांगली, रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ तर सगळ्यांना माहीतच आहे.

कुंडलिनीचा वर्ग वेगळाच. आधी हात जोडून 'ओंग नमो गुरु देव नमो' तीनदा, मग क्रिया, म्हणजे ठरलेल्या क्रमानं हालचाल, श्वास, बंध (ठरावीक स्नायू आवळून धरणं), मग थोडा वेळ शवासन, शेवटी मंत्र आणि ध्यान, ते 3, 11 नाहीतर 31 मिनिटांचं. एकच क्रिया सलग 40 दिवस करायला सांगतात. एका क्रियेत दोन्ही हात 60 अंशात वर, बोटं मुडपलेली, अंगठे ताठ आणि सोबत अग्निश्वास (नाकानं भराभर श्वास), ऐकायला सोपं वाटतं पण दुसऱ्याच मिनिटाला खांदे भरून येतात, तिसऱ्या मिनिटाला हात खाली घेतले की तळव्यांत मुंग्या येतात आणि डोकं असं शांत होतं की उठावंसंच वाटत नाही. अग्निश्वास म्हणजे कपालभाती नाही हं, कपालभातीत जोर फक्त श्वास सोडण्यावर, इथे घेणं-सोडणं सारखंच.

कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी सुप्त मानलेली शक्ती, आपल्याला नवी नाही, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिचं वर्णन आहे. पण आज या नावानं चालणारे बरेचसे वर्ग शीख योगगुरू योगी भजन यांच्या पद्धतीचे, ते 1968 मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथे हे पसरवलं. त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, आणि 2020 मध्ये त्यांच्याच संस्थेनं बाहेरच्यांकडून करवलेल्या चौकशीत ते बहुधा खरे असावेत असं निघालं. हे माहीत असूनच वर्ग निवडा, आणि 'महिन्यात कुंडलिनी जागी करून देतो' म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका.

पाठ आखडलेली असेल, पाच मिनिटं मांडी घालून बसवत नसेल तर माझं स्पष्ट मत, आधी तीन महिने आसनंच करा. शरीर ठीक आहे पण मन एका जागी बसत नाही, मंत्र म्हणायला आवडतात, तर कुंडलिनी. गरोदरपणात, पाळीत, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर अग्निश्वास नकोच, शिकवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आणि मे महिन्यात सुरू करणार असाल तर पहाटे साडेपाचचीच बॅच घ्या, रिकाम्या पोटी, तर्री-पोहे वर्ग झाल्यावर.