रंगाआधीचं काम: जहाजाच्या तळावर हायड्रोब्लास्टिंग, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या रिपेअर यार्डात गेले काही महिने जहाजांचे तळ हायड्रोब्लास्टिंगने, म्हणजे अतिउच्च दाबाच्या पाण्याने, रंगासाठी तयार होत आहेत. संच असा: 2500 बारचा डिझेल पंप, हातात धरायच्या दोन लान्स (पुढे नॉझल असलेल्या लांब नळ्या) आणि पत्र्याला चुंबकाने चिकटून चालणारा एक क्रॉलर. क्रॉलरच्या झाकणाखालून व्हॅक्यूम पाणी आणि निघालेला रंग दोन्ही ओढून घेतो. त्याआधी आमचं जवळपास सगळं काम ग्रिट ब्लास्टिंगवर, म्हणजे हवेच्या दाबाने कॉपर स्लॅगचे (तांबं गाळून उरलेल्या मळीचे) खरखरीत कण पत्र्यावर मारण्यावर, चालायचं. असा संच घ्यावा का, आणि त्याने खर्च खरंच कमी होतो का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

खर्च कमी झाला, चांगलाच झाला. पण निव्वळ चौरस मीटरचा दर काढून कुणी हा निर्णय घेणार असेल तर त्याची निराशा होईल. अख्खा तळ नागड्या पोलादापर्यंत सोलायचा असेल तर हातातली लान्स ग्रिटपेक्षा हळू चालते, आणि पंपाचं डिझेल, सील, नॉझल धरले की दर काही फार खाली येत नाही. आमचे पैसे वाचले ते दोन कारणांनी. जो रंग काढायची गरजच नव्हती तो जागेवर ठेवता आला, आणि जहाज गोदीतून लवकर निघालं.

पहिलं कारण आधी घेतो, कारण माझ्या मते सगळी किफायत तिथेच आहे. तळावर पोलादाला लागून एपॉक्सी अँटिकरोझिव्हचे, म्हणजे गंजरोधक रंगाचे, थर असतात, त्यावर दोन्ही रंगांना जोडणारा टाय कोट आणि सगळ्यात वर अँटिफाउलिंग, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग. दर डॉकिंगला अँटिफाउलिंगची भर पडत जाते. एपॉक्सी बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं ठणठणीत राहते. तडकते, सुटते ती वरची चळत. स्वीप ब्लास्टिंगने, म्हणजे ग्रिटचा झोत वरवर फिरवून, वरचेच थर उडवता येतात हे खरं, पण त्यात सगळा भार ब्लास्टरच्या मनगटावर असतो. नळा जरा एका जागी रेंगाळला की एपॉक्सीला खड्डा पडलाच. क्रॉलरवर दाब आणि चालण्याचा वेग नेमका ठरवून देता येतो. आम्ही दाब उतरवून, वेग थोडा वाढवून हातभर रुंद चाचणीपट्टा मारतो, थांबतो, पत्रा बघतो आणि पुन्हा जुळवतो. जुळलं की जुनं तपकिरी अँटिफाउलिंग निघून खालचा टाय कोट सलग दिसायला लागतो, मध्येच कुठे एपॉक्सीचा करडा ठिपका. मग त्याच मापावर पूर्ण बाजू मारायची. एपॉक्सी वाचली म्हणजे ती पुन्हा मारायचा रंग वाचला, दोन थरांमधली वाळायची वेळ वाचली आणि ब्लास्टिंगही वाचलं.

पण हे जमायचं तर पहिल्या दिवशी तळ नीट वाचावा लागतो. पाणी उतरलं की लगेच गोड्या पाण्याने धुवून घ्यायचं, कारण शेवाळाचा चिकट थर ओला असताना सहज निघतो आणि वाळला की चिवट होतो. बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) खरवडले तरी त्यांची पांढरी चुनखडी बैठक पत्र्यावर राहते, तीही काढायची. त्याआधी स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर सोडणारी भोकं) आणि ओव्हरबोर्ड डिस्चार्ज (जहाजातलं पाणी बाहेर टाकणारी तोंडं) बंद करून घ्यायचे. वरून झिरपणारी एक बारीक धार खालच्या दहा चौरस मीटरचं काम वाया घालवते, आणि ती नेमकी रात्री सुरू होते. धुवून झालं की खडू घेऊन पूर्ण फेरी मारायची. जिथे शंका येईल तिथे चाकूचं टोक रंगाच्या कडेखाली घालून बघायचं. कड भुग्यासारखी तुटली तर रंग धरून आहे, आख्खा पापुद्रा उचलला गेला तर तो भाग जाणार. शाबूत, फक्त अँटिफाउलिंग सुटलेलं, पोलादापर्यंत गेलेलं, अशा तीन खुणांनी तळ वाटला की मालकाच्या सुपरिंटेंडंटशी, म्हणजे त्याच्या वतीने कामावर देखरेख करणाऱ्याशी, बोलणंही सोपं होतं. "सगळं सोला" असं म्हणणारी मंडळी खुणा प्रत्यक्ष बघितल्यावर बऱ्याचदा मत बदलतात. उलटही होतं: चळत फार जाड झाली असेल आणि जागोजागी तडकली असेल तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही, तिथे पूर्ण सोलणंच स्वस्त.

आता क्षाराबद्दल. या कामात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. गंजलेल्या पत्र्यावरच्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड बसलेलं असतं. कोरडं ग्रिट गंज उडवतं, पत्रा चकचकीत करतं, पण खड्ड्यातला क्षार तिथेच राहू शकतो. संध्याकाळी एसए 2½ चा (ग्रिटने जवळपास पूर्ण स्वच्छ केल्याची पायरी) सुंदर करडा पत्रा पास करून घरी जावं आणि सकाळी नेमक्या खड्ड्यांच्या जागी काळपट ओले ठिपके उमटलेले दिसावेत, हे ग्रिटवर काम केलेल्या कुणालाही ओळखीचं असेल. त्यावर रंग मारला की काही काळाने फोड येतात. पाण्याचा जेट खड्ड्याच्या बुडापर्यंत जातो आणि क्षार धुवून काढतो. आम्ही ब्रेसले पॅचने तपासतो. 12.5 चौरस सेंटिमीटरचा चिकट कप्पा पत्र्यावर लावायचा, सिरिंजने शुद्ध पाणी आत सोडून खेळवायचं, परत ओढायचं आणि त्याची विद्युतवाहकता मोजायची. आयएसओ 8502 च्या भाग 6 आणि 9 मध्ये ही पद्धत आहे. बॅलास्ट टाक्यांसाठी (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात त्या) आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, 2006 च्या मानकात चौरस मीटरला 50 मिलिग्रॅम क्षाराची मर्यादा आहे. तळासाठी रंग कंपनीच्या कागदात जी मर्यादा असेल ती पाळायची. जुन्या खड्डेदार पत्र्यावर ग्रिटनंतर धुवा, वाळवा, पुन्हा ब्लास्ट करा असा फेरा पडायचा, तो जवळपास बंद झाला.

याचा दुसरा पैलू म्हणजे फ्लॅश रस्ट. ओलं उघडं पोलाद बघता बघता पिवळसर होतं. जेटमुळे पत्रा कोमट होतो आणि लवकर वाळतो, त्याचा फायदा मिळतो, पण दमट हवेत गंजाची छटा चढणारच. आयएसओ 8501-4 मध्ये फ्लॅश रस्टच्या हलका, मध्यम, जड अशा पायऱ्या फोटोंसह दिल्या आहेत. आमची रोजची कसोटी साधी आहे: कोरड्या पांढऱ्या फडक्याने पत्रा पुसायचा. फडक्यावर जेमतेम छटा आली तर चालेल; फडकं लाल झालं आणि भुगा हाताला लागला तर तो पट्टा कमी दाबाने पुन्हा धुवायचा. पाण्यात गंजरोधक मिसळायचा सल्ला काही जण देतात. मी देत नाही. ते रसायन पत्र्यावर राहिलं तर रंगाच्या पकडीचं काय होईल याची हमी कोण घेणार? हवेचे नियम ग्रिटला लागू होते तेच इथेही: सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या आत आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. जेटखालचा पत्रा ग्रिटसारखा एकसारखा उजळ दिसत नाही. तो मळकट, ठिपकेदार दिसतो, आणि ज्या इन्स्पेक्टरची नजर एसए 2½ वर पक्की झाली आहे तो पहिल्या दिवशी नाक मुरडतो. वाद घालण्यात वेळ घालवू नये. 8501-4 चे फोटो पत्र्याशेजारी धरायचे आणि डब्ल्यूए 2½ ला (पाण्याच्या जेटसाठीची तशीच पायरी) हेच अपेक्षित आहे हे दाखवायचं. एक नमुना चौकोन दोघांच्या सहीने सुरुवातीलाच ठरवला तर पुढे अडत नाही.

गोदीतले दिवस वाचतात ते कसे, ते सांगतो. पूर्ण ब्लास्टिंगला चौरस मीटरमागे 40 किलो ग्रिट धरलं तरी 10,000 चौरस मीटरच्या तळाला 400 टन होतं. ते आणायचं, ब्लास्टिंगच्या दाबाच्या भांड्यात भरायचं, आणि मग जुन्या अँटिफाउलिंगमधलं तांबं मिसळलेला तोच ढीग गोदीच्या जमिनीवरून उचलून विल्हेवाटीला पाठवायचा. त्यात धूळ. ब्लास्टिंग चालू असताना शेजारी प्रोपेलरचं काम नाही, शाफ्ट सील उघडता येत नाही, वर डेकवर रंग नाही, यंत्रांची तोंडं झाकलेली. क्रॉलर चालू असताना सुरक्षित अंतर ठेवून ही कामं सुरू राहतात. गोदीचं भाडं दिवसावर असतं, त्यामुळे एका जहाजामागे थोडे दिवस वाचले तरी बाकीचे हिशेब त्यापुढे लहान वाटतात. कचरा म्हणाल तर उरतो तो फक्त जुना रंग, ओल्या गाळाच्या रूपात. पाणी मात्र तसंच सोडून देता येत नाही. ते गाळून, त्यातलं तांबं काढून मगच पुढे जातं. ही गाळणयंत्रणा संचाच्या किमतीत धरलेली नसेल तर खरेदीआधी नक्की धरा. लान्सच्या कामात पाणी खाली सांडतं, ते अडवायला गोदीच्या जमिनीवर बांध घालावा लागतो.

कुठे हा संच चालत नाही, तेही स्पष्ट लिहितो. पाणी पत्र्यावर नवा खडबडीतपणा तयार करत नाही, फक्त जुना उघडा करतं. बदललेल्या नव्या प्लेट, नवे वेल्ड, घासून गुळगुळीत झालेला भाग, यांना ग्रिटच लागतं. मूळ बांधणीत मिल स्केलवरच (कारखान्यात पत्रा तापवून लाटताना त्यावर बसलेल्या पपडीवरच) रंग मारला असेल तर घट्ट बसलेली ती पपडी पाण्याने निघत नाही. क्रॉलर सरळ बाजूंवर आणि सपाट तळावर उत्तम, पण बिल्ज कील (डोलणं कमी करणाऱ्या बाजूच्या पट्ट्या), सी चेस्ट (समुद्राचं पाणी आत घेणारे कप्पे), रडर (सुकाणू), अ‍ॅनोडच्या (गंज रोखायला लावलेल्या धातूच्या तुकड्यांच्या) बैठका आणि पुढच्या-मागच्या वळणदार भागात त्याचा उपयोग नाही. तिथे लान्स, आणि अगदी कोपऱ्यात पॉवर टूल. वायर ब्रश मात्र जपून वापरावा. तो गंजाला पॉलिश करतो, पत्रा चमकतो आणि रंगाला पकड मिळत नाही. म्हणून ग्रिटचं एक भांडं आम्ही राखून ठेवलं आहे, आणि ते विकणारही नाही.

पाण्याने उडालेल्या रंगाची कड उभी आणि करवतीसारखी राहते. ती सँडरने उतरती करून घेतली नाही तर नवा थर नेमका तिथेच पातळ बसतो. काही जहाजांच्या पाण्याखालच्या तपासणीचे व्हिडिओ नंतर आमच्याकडे आले. पोलादापर्यंत जाऊन केलेले भाग चांगले धरून होते. जिथे रंग उचललेला दिसला तो बूट-टॉपच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीजवळच्या, पट्ट्यातल्या कडांना, धक्क्याचे फेंडर (टक्कर झेलणाऱ्या गाद्या) घासतात तिथे. तेव्हापासून कडा घासायला वेगळा माणूस नेमलेला आहे आणि त्याचं काम झाल्याशिवाय प्रायमरची बादली उघडत नाही.

देखभालीत सगळ्यात जास्त लक्ष पाण्याच्या फिल्टरकडे द्या. बारीक कण नॉझलच्या नीलमण्याच्या छिद्राची कड खातात, जेट फुटतो, आणि दाब पूर्ण दिसत असूनही काम मंदावतं. काम मंदावलं की आमचा ऑपरेटर आधी जेटचा आवाज ऐकतो. सलग शिटीऐवजी फरफर आली की नॉझल बदलतो. पुरवठादाराने सुरुवातीला सांगितलेलं नॉझलचं आयुष्य आम्हाला आमच्या जड पाण्यावर मिळालं नाही, आणि सुटे भाग यायला लागलेला वेळही मनस्ताप देणारा होता. सील आणि नॉझलचा साठा पहिल्या दिवसापासून हाताशी हवा. व्हॅक्यूमचा पाइप अँटिफाउलिंगच्या गाळाने तुंबतो. दर पाळीच्या शेवटी साध्या पाण्याने धुवून काढला तर त्रास नाही.

सुरक्षेवर हात आखडता घेऊ नका. 2500 बारला पाणी नॉझलमधून सेकंदाला सुमारे 700 मीटर वेगाने बाहेर पडतं, आणि मिनिटाला 15 लिटरची लान्स धरणाऱ्याला हिशेबाने 17-18 किलोचा धक्का सतत मागे ढकलत असतो. माणूस थकतो, म्हणून लान्सवर आम्ही ठरावीक वेळाने बदली देतो. जेट लागला तर बाहेरून टाचणीएवढं छिद्र दिसतं, आत मात्र पाणी, रंग आणि घाण खोलवर गेलेली असते. ती शस्त्रक्रियेची तातडीची केस आहे. लहान जखम समजून पट्टी बांधून परत कामावर येणं हाताचं बोट, कधी हातच, गमावण्याचं कारण ठरू शकतं. आमच्या प्रत्येक लान्सवाल्याच्या खिशात डॉक्टरांसाठी हे सांगणारं कार्ड असतं. सोडला की दाब तुटणारा ट्रिगर, होजच्या जोडांना बांधलेले साखळदंड आणि पायावर धातूचं आवरण असलेले बूट, यातलं एकही नसेल तर त्या दिवशी पंप सुरू होत नाही.

घ्यायचा विचार असेल तर यंत्राच्या आधी रंग कंपनीशी बोला. जेटने तयार केलेल्या पत्र्यावर त्यांचा कोणता प्रायमर चालतो, फ्लॅश रस्टची कोणती पायरी ते मान्य करतात, जुन्या एपॉक्सीवर किती दिवसांत आणि कोणत्या टाय कोटसह पुढचा थर घ्यायचा, हे लेखी मागा. आमच्याकडे ओलसरपणा आणि थोडा गंज सहन करणाऱ्या एपॉक्सीवर हे काम उत्तम बसलं. तुमच्या मालकाने सिलिकोनचं फाउल-रिलीज कोटिंग (इतकं गुळगुळीत की जीव धरून राहू शकत नाहीत) निवडलं असेल तर जुन्या अँटिफाउलिंगचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच होतो, आणि त्याचं उत्तर कोटेशन देण्याआधी हातात असायला हवं.