म्हापशातलं गॅरेज, ९७ सीसी आणि माझी स्पीडची हौस

स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, ताकद जेमतेम ८ पीएस, आणि मला पाहिजे होता स्पीड. म्हापशातल्या एका गॅरेजवाल्याने पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एक दात मोठं बसवलं, म्हणाला टॉप स्पीड वाढणार. सपाट रस्त्यावर इंजिन जरा शांत झालं हे खरं, पण पणजीहून पूल संपवून पर्वरीचा चढ लागला की चौथ्या गिअरात गाडी मरायची, तिसरा टाकावाच लागायचा, मागे बायको बसलेली असली तर विचारूच नका. टॉप तसूभर वाढला नाही, कारण ताकद तेवढीच, नुसता गिअर जड झाला.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. म्हातारा माणूस, त्याने मागचं चाक हाताने फिरवून दाखवलं, अर्ध्या फेरीतच थांबलं! ब्रेक घासत होता. तो सैल केला, पावसाने गंजलेली चेन साफ करून ऑइल दिलं, एअर फिल्टर बदलला, हवा बरोबर भरली, जुनं स्प्रॉकेट परत. गाडी परत मोकळी पळायला लागली. ह्याला माझे पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण दुपारी दोन तास शटर बंद, झोपतो बाबा.