इन्सुलिन घ्यायचे तर बाटली-सिरिंज की पेन?

चाळिशी-पन्नाशीत मधुमेहाचे निदान होते, गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नाही आणि डॉक्टर इन्सुलिन लिहून देतात, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो साधनाचा. कोणते इन्सुलिन, किती युनिट आणि कोणत्या वेळी, हे डॉक्टरच ठरवतात. ते बाटलीतून सिरिंजने घ्यावे की पेनने (पेनासारखे दिसणारे, आकडा फिरवून डोस देणारे साधन), हे मात्र बहुतेकदा रुग्णालाच विचारले जाते, तेही तपासणी संपता संपता. औषध तेच असेल आणि नीट टोचले, तर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. पेनमधले ‘भारी’ आणि बाटलीतले ‘साधे’ हा समज खरा नाही. म्हणून दिवसातला कोणता डोस कुठे घ्यावा लागणार आणि तो कोण देणार, हे पाहून निवड करणे इष्ट.

खर्चात बाटली सरस ठरते, पण किती, हे मांडून पाहावे. मानवी इन्सुलिनची (माणसाच्या शरीरातल्यासारख्याच रचनेच्या) १० मिलिलिटरची बाटली आपल्याकडे सहसा ४० च्या तीव्रतेची (दर मिलिलिटरला ४० युनिट), म्हणजे एकूण ४०० युनिटची असते; पेनचे ३ मिलिलिटरचे कार्ट्रिज (आत बसणारी औषधाची नळी) सहसा १०० च्या तीव्रतेचे, म्हणजे ३०० युनिटचे. सकाळी १८ आणि रात्री १२ असा ३० युनिटचा डोस धरला, तर बाटली तेरा दिवस पुरते. पेनमध्ये प्रत्येक वेळी आधी २ युनिट बाहेर सोडून सुई चालते की नाही ते पाहावे लागते, त्यामुळे रोज ३४ युनिट खर्ची पडतात आणि कार्ट्रिज नवव्या दिवशी संपते. पेनच्या सुया वेगळ्या घ्याव्या लागतात आणि घरोघरी काटकसर होते ती नेमकी त्यांच्यावर. एकच सुई आठवडाभर वापरल्याने टोक बोथट होते, टोचणे दुखू लागते आणि त्वचेखाली गाठी होण्याचा धोका वाढतो. अशा गाठीत टोचलेले इन्सुलिन कधी लवकर लागू पडते, कधी उशिरा. सुयांचा खर्च झेपणार नसेल, तर पेनचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जपायची गोष्ट आहे ती ४० आणि १०० यांची. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी आणि नारिंगी टोपणाची १०० च्या बाटलीसाठी असते. ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या असतात, त्यामुळे बाटली म्हणजे लाल टोपण हे गृहीत धरता येत नाही. लेबल वाचावेच लागते. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने १२ च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात प्रत्यक्षात ३० युनिट जातात आणि साखर धोकादायक खाली येऊ शकते. उलट अदलाबदल झाली, तर डोस निम्म्याहूनही कमी पडतो. त्यामुळे कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढू नये. बाटलीवरून पेनवर जाताना मात्र कोणताही गुणाकार करायचा नसतो: इन्सुलिन तेच असेल, तर १२ युनिट म्हणजे पेनच्या खिडकीत दिसणारा १२ चा आकडा.

हाताळणीत पेन पुढे आहे. सिरिंजमध्ये आधी डोसाइतकी हवा बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरून औषध ओढायचे, बुडबुडे टिचकीने वर आणून घालवायचे आणि मग ट्यूबलाइटच्या उजेडात बारीक रेघ जुळवायची. चष्म्याचा नंबर वाढलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसाला हे रोज जड जाते. पेनमध्ये आकडा फिरवायचा, सरळ टोचायचे, बटण पूर्ण दाबायचे आणि दहापर्यंत मोजून सुई काढायची. ४ मिलिमीटरच्या सुईला बहुतेक प्रौढांमध्ये त्वचेची चिमूट धरावी लागत नाही. सिरिंजची सुई लांब असल्याने सहसा धरावी लागते. दुधाळ दिसणारे मिश्र इन्सुलिन (लवकर आणि सावकाश लागू पडणारे एकत्र केलेले) दोन्हींत आधी हलक्या हाताने घोळवून एकसारखे करावे लागते. पेनवाले हे हमखास विसरतात.

मानवी मिश्र इन्सुलिन सहसा जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असते. न्याहारी आणि रात्रीचे जेवण दोन्ही घरी होत असेल, नजर चांगली असेल किंवा घरचे कोणी भरून देणार असेल, तर बाटली-सिरिंजमध्ये काहीच उणे नाही. पण बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या आणि दुपारच्या डब्याआधीही डोस असणाऱ्या माणसाने सिरिंज निवडली, तर तो डोस हळूहळू बुडू लागतो. ऑफिसच्या पँट्रीत बाटली उलटी धरून उभे राहायला संकोच वाटतो. त्याने पेनच घ्यावा. डोस घेऊन निघाल्यावर लोकल रखडली आणि जेवण लांबले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, म्हणून साधन कोणतेही असो, खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज असावे आणि ते घेतल्यावर पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी.

न उघडलेला साठा फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावा, फ्रीजरला खेटून नव्हे. वापरातले बहुतेक इन्सुलिन खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे टिकते, पण खोली म्हणजे ३० अंशांच्या आतली. मे महिन्यात चाळीतल्या पत्र्याखालच्या खोलीत ते शक्य नसते. औषध माठात गार ठेवण्याचा उपाय विदर्भाच्या कोरड्या हवेत चांगला चालतो, मुंबईच्या दमट हवेत पाणी फारसे उडत नसल्याने तेवढा गारवा मिळत नाही. अशा घरात वापरातली बाटलीही फ्रिजमध्ये ठेवणे बरे. पेनला मात्र सुई लावून ठेवू नये. औषध गळते आणि आत हवा शिरते.

पेन घ्यायचे ठरलेच, तर पुन्हा भरायचा की वापरून टाकायचा, हेही विचारून घ्यावे. पुन्हा भरायचा पेन दीर्घकाळात स्वस्त पडतो, पण त्यात सहसा त्याच कंपनीचे कार्ट्रिज बसते. केमिस्टने ‘हेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दिलेले घरी आणल्यावर बसत नाही, आणि इन्सुलिनचा प्रकार वेगळा निघाला तर प्रश्न आणखी गंभीर होतो. म्हणून शेवटचे कार्ट्रिज चढवले की त्याच दिवशी पुढचे आणून ठेवावे.